तिथी नसलेली माणसं

जुन्या शंकराच्या देवळाबाहेर, बारवेच्या काठावर, कधी नुसत्याच शेताच्या बांधावर वीरगळ उभे असतात. कोपरे झिजलेले, शेंदरानं माखलेले, कुठे गुरं बांधायला तर कुठे धुणं आपटायला वापरात आलेले. त्यांच्यावर अक्षरं सहसा नसतात. दगड चित्रांनी बोलतो आणि तो खालून वर वाचायचा असतो. तळच्या चौकटीत लढाई: ढाल, तलवार, पळवून नेलेली गुरं, आडवा पडलेला वीर. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला हाताला धरून वर नेत असतात. सगळ्यांत वरती तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला. माथ्यावर चंद्र आणि सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर याची आठवण राहील असं गावानं दिलेलं वचन.

मला या दगडांचा नाद आहे. देवळात देवाच्या आधी मी बाहेरचे दगड पाहून घेतो. एवढ्याशा जागेत माणसाचं मरण किती नीट मांडलेलं असतं! कुणाशी लढला, कसा पडला, कुठे गेला, सगळ्याची सोय. पण हे दगड पाहताना अलीकडे एक प्रश्न सारखा आडवा येतो. तळची चौकट लढाईची. तीच नसेल तर वरच्या दोन कशावर उभ्या राहणार? शत्रूच्या ताब्यात, हातात शस्त्र नसताना, हगवणीनं, तापानं, उपासानं, रस्त्याच्या कडेला बसल्या जागी जो शिपाई मेला, त्याला या दगडावर कुठे बसवायचं?

हा प्रश्न मनात आला तो कूतमुळे.

कूत-अल-अमारा हे इराकमधलं, टायग्रिस नदीच्या वळणात वसलेलं गाव. तीन बाजूंना नदी, चौथ्या बाजूला रखरखीत सपाटी. पहिल्या महायुद्धात, १९१५च्या ३ डिसेंबरला, इंग्रजांचा जनरल टाउनशेंड आपली दमलेली फौज घेऊन तिथे पोचला. या फौजेचं नाव सहावी पुणे डिव्हिजन. तिच्यात १०३वी, ११०वी आणि ११७वी अशा तीन मराठा पलटणी होत्या. खडकीच्या बॉम्बे सॅपर्स अँड माइनर्सच्या कंपन्या होत्या. राजपूत होते, पंजाबी होते, गुरखे होते, डॉर्सेट आणि नॉरफोकच्या गोऱ्या पलटणी होत्या. शिवाय पाणके, डोलीवाले, खेचरवाले, स्वयंपाकी, झाडूवाले. इतिहासाच्या पुस्तकांत ही माणसं ‘इतर’ म्हणून येतात, पण तोफगोळा ‘इतर’ पाहून पडत नाही.

आदल्या वर्षी इंग्रजांनी तेलाच्या रक्षणासाठी म्हणून बसरा घेतलं, मग नदीच्या कडेकडेनं फौज वर सरकत गेली आणि बगदादचा मोह सुटेना. २२ नोव्हेंबर १९१५ला टेसिफोनजवळ, त्या प्राचीन पडक्या कमानीच्या छायेत मोठी लढाई झाली. चार हजारांवर माणसं मेली किंवा जखमी झाली आणि फौज मागे फिरली. महिना अकरा रुपये पगारावर, रत्नागिरीच्या आणि साताऱ्याच्या खडकाळ तुकड्यांवरून भरती झालेला माणूस बगदाद कशासाठी घ्यायचं हे कुणाला विचारणार होता? शेतात पिकत नव्हतं, घरी तोंडं होती आणि पलटणीत पगार होता. एवढा हिशेब त्याला पुरला.

कूतला तुर्कांनी वेढा घातला तो १४७ दिवस चालला. वेढा म्हटलं की तोफा आणि तटबंदी डोळ्यापुढे येते, पण कूतचा खरा इतिहास पोटाचा आहे. शिधा कमी होत गेला. घोडे आणि खेचरं मारायला सुरुवात झाली. गोऱ्या शिपायांनी ते मांस खाल्लं. हिंदी शिपायांतल्या बहुतेकांनी, हिंदूंनी आणि मुसलमानांनीही, ते कितीतरी आठवडे नाकारलं. हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून परवानगीचे निरोप मागवले गेले, तरीही हात पुढे होईनात. हिरड्या सुजल्या, दात हलू लागले, जुन्या जखमा पुन्हा उघडल्या. हा नुसता सोवळेपणा नव्हता. त्यांना गावात परत जाऊन पंक्तीला बसायचं होतं. घोडा खाल्ला हे कळलं तर जात वाळीत टाकील, मुलीचं लग्न जमणार नाही, ही धास्ती तोफगोळ्यांपेक्षा मोठी होती. आपण परत जाणार याची खात्री होती म्हणून ही माणसं उपाशी राहिली.

या वेढ्यातली एक गोष्ट वाचल्यापासून डोक्यातून जात नाही. कूतमध्ये धान्य सापडलं, पण दळायचं कशावर? तेव्हा वेढ्याबाहेरच्या फौजेनं विमानातून जात्याचे दगड टाकले. १९१६ साली विमान म्हणजे कापड आणि लाकूड यांची कशीबशी मोट, आणि तिच्या पोटाला बांधलेलं जातं! त्याच पहाटे इकडे सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना त्या शिपायांच्या बायका आणि आया जात्याला बसल्या असतील. ओवीत धन्याचं, लेकाचं, भावाचं नाव घेतलं असेल. तिकडे नदीच्या वळणात तशाच दोन दगडांमधून जवाचं पीठ पडत होतं, दिवसागणिक कमी.

सुटकेसाठी आलेल्या फौजेनं हन्ना, दुजैला, सन्नैयात इथे धडका मारल्या. तिची तेवीस हजारांच्या आसपास माणसं मेली वा जखमी झाली, तरी वेढा फुटला नाही. धान्यानं भरलेलं ‘जुलनार’ हे जहाज रात्री नदीतून घुसवलं, ते अडकलं. तुर्की सेनापती खलील पाशाला सोडवणुकीपोटी दहा लाख, मग वीस लाख पौंड देऊ केले, त्यानं ते नाकारले. २९ एप्रिल १९१६ला टाउनशेंडनं शरणागती पत्करली. सुमारे तेरा हजार माणसं कैद झाली.

‘शरण गेले’ असं आपण सरसकट म्हणतो. शरण गेला जनरल. शिपायाला फक्त हुकूम आला, की बंदुका मोडा आणि रांगेत उभे राहा. पुढे दोघांच्या वाटाही वेगळ्या झाल्या. टाउनशेंडला इस्तंबूलजवळच्या प्रिंकिपो बेटावर बंगला मिळाला, मान मिळाला, कैदेत असतानाच तो ‘सर’ झाला. शिपायाच्या वाट्याला रस्ता आला.

पहिला मुक्काम नदीच्या वरच्या अंगाला शुमरानला. तिथे तुर्की बिस्किटं वाटली गेली, काळी, दगडासारखी कडक. पाच महिन्यांच्या उपाशी पोटात ती गेली आणि माणसं तिथेच आतड्यांच्या दुखण्यानं मरू लागली. उरलेल्यांना मे महिन्याच्या उन्हात बगदादपर्यंत पायी नेलं, तिथल्या रस्त्यांतून मिरवलं. समाऱ्यापर्यंत आगगाडी, तिथून पुन्हा पायी. तिकरित, मोसुल, निसिबिन. पायात जोडे नाहीत, कारण वाटेत भाकरीसाठी ते विकले किंवा कुणी हिसकावून घेतले. जो मागे राहिला तो मागेच राहिला. कुणी त्याच्यासाठी थांबलं नाही, कुणी त्याचं नाव टिपून ठेवलं नाही. युद्धकैद्यांना माणुसकीनं वागवावं असं १९०७च्या हेग करारात लिहिलेलं होतं, पण तो कागद या रस्त्यावर कधी आला नाही.

रस्त्याच्या शेवटी रास-अल-ऐन. आज ते तुर्कस्तानच्या सीमेला लागून सीरियात आहे. त्या वेळी बर्लिनहून बगदादला जाणाऱ्या रेल्वेचं काम तिथवर आलं होतं आणि हिंदी कैद्यांना बहुतांशी याच रुळांवर जुंपलं. गोऱ्यांपैकी पुष्कळांना आणखी पुढे, अमानस आणि तोरसच्या डोंगरांतल्या बोगद्यांवर पाठवलं. कूतला कैद झालेल्या सुमारे अडीच हजार गोऱ्या शिपायांपैकी सतराशेंवर परत आले नाहीत. हिंदी शिपाई आणि चाकरमाने मिळून हजारोंनी गेले. त्यांतल्या अनेकांचं काय झालं हे लष्करालाही कळलं नाही. नोंद एवढीच, की ठावठिकाणा नाही.

रास-अल-ऐनचं चित्र आपल्यापर्यंत पोचलं ते एका बंगाली तरुणामुळे. शिशिरप्रसाद सर्वाधिकारी बंगाल ॲम्ब्युलन्स कोअरमधून गेला होता, कूतला कैद झाला, पुढे रास-अल-ऐन आणि अलेप्पोच्या इस्पितळांत राबला. तो रोजनिशी लिहायचा. झडतीच्या भीतीनं पानं फाडून बुटात लपवायचा. कैद्यांचे हाल त्यात आहेतच, शिवाय त्याच वाटेवरून वाळवंटात हाकलून दिलेल्या आर्मेनियन बायका-मुलांचे हालही आहेत. स्वतः मरणाच्या रांगेत उभं असताना दुसऱ्याची रांग पाहायला डोळा शाबूत लागतो. त्याचं ‘अभि ले बगदाद’ हे पुस्तक १९५७ साली आलं.

आमच्या मराठा पलटणींतल्या कुणाच्या बुटात अशी पानं असतील का? बूटच नव्हते. आणि लिहिता येणारेही थोडेच.

घरी काय कळलं असेल? आधी पत्रं थांबली. मग पलटणीकडून एक कागद आला असेल आणि तो घेऊन बाई शाळामास्तराकडे किंवा पाटलाच्या वाड्यावर गेली असेल. मास्तरानं वाचून दाखवलं असेल: बेपत्ता. मेला म्हणत नाहीत, जिवंत आहे असंही म्हणत नाहीत. कपाळाला कुंकू लावायचं की नाही, हा प्रश्न कागदानं सोडवला नाही. १९१८ साल उजाडलं, लढाई संपली, गावातले काही जण परत आले. त्यांनी काय सांगितलं असेल? सांगण्यासारखं असतं ते लढाईचं असतं. रुळांवर खडी टाकताना शेजारचा कोसळला आणि आपण काम थांबवू शकलो नाही, हे कुणी कुणाच्या आईला सांगत नाही.

तिथीचाही पेच असतोच. पितृपक्षात ज्याची जी तिथी, त्या दिवशी त्याचं श्राद्ध. शस्त्रानं मेलेल्यांसाठी भाद्रपद वद्य चतुर्दशी वेगळी राखून ठेवलेली आहे. लढाईत पडलेल्याची तीत सोय होते. पण हा तर शस्त्रानं मेला नाही. कधी मेला तेही ठाऊक नाही. त्याच्यासाठी राहते फक्त सर्वपित्री अमावास्या, ज्यांची तिथी माहीत नाही अशा सगळ्यांचा मिळून एक दिवस. वीरगळाच्या दगडावर त्याला चौकट नाही आणि पंचांगात स्वतःचा दिवस नाही.

याच कैदेत मेलेल्या एकाची आठवण मात्र एका म्हातारीनं पुसू दिली नाही. कॅप्टन कल्याणकुमार मुखर्जी हा कलकत्त्याचा डॉक्टर, इंडियन मेडिकल सर्व्हिसमधला. तोही मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये गेला, कूतच्या वेढ्यात जखमी आणि आजारी माणसांवर उपचार करत राहिला, कैद झाला आणि १९१७च्या मार्चमध्ये रास-अल-ऐनला तापानं गेला. आघाडीवरून तो आईला पत्रं लिहायचा. रक्त पाहून पाहून त्याचं मन विटलं होतं. ज्याला देशप्रेम म्हणून डोक्यावर घेतात ते दुसऱ्याची जमीन हिसकावणंच आहे, अशा अर्थाचं त्यानं लिहून ठेवलं आहे. ब्रिटिश फौजेचा गणवेश अंगात असताना, ब्रिटिश फौजेच्या टपालातून. पुढे त्याची आजी, मोक्षदादेवी, ऐंशीच्या घरात असताना नातवाचं चरित्र लिहायला बसली. १९२८ साली ‘कल्याण-प्रदीप’ प्रसिद्ध झालं. आजीनं नातवाचं चरित्र लिहायचं, हा क्रमच उलटा. पण त्या उलट्या क्रमातूनच त्याची पत्रं टिकली, त्याचा राग टिकला, त्याच्या मरणाला एक ठिकाण आणि एक महिना मिळाला.

मोक्षदादेवी लिहू शकत होत्या. साताऱ्याच्या किंवा संगमेश्वरच्या आजीजवळ जातं होतं आणि ओवी होती. तिनंही लिहिलंच असेल, पण हवेत. पीठ झाडून घेतलं, की ओवीही सांडायची. कलकत्त्याच्या डॉक्टराचं दुःख पुस्तकात आलं आणि मराठा पलटणीच्या शिपायाचं दुःख घराच्या उंबऱ्याआतच विझलं, याचं कारण दुःख कमी होतं असं नाही. लेखणी एकाच घरात होती.

मग निदान दगडावर? त्याचाही हिशेब पाहू. मेसोपोटेमियात मेलेल्या आणि ज्यांची थडगी नाहीत अशांसाठी इंग्रजांनी बसऱ्याला मोठं स्मारक उभारलं. १९२९ साली त्याचं उद्घाटन झालं. चाळीस हजारांवर माणसांचं ते स्मारक. त्यावर गोऱ्या शिपायांची नावं कोरली. हिंदी फौजेतल्या अधिकाऱ्यांचीही कोरली. साध्या हिंदी शिपायांचा मात्र पलटणीवार आकडा टाकला. नावं वहीत होती, दगडावर आली नाहीत. पुढे १९९७ मध्ये ते सबंध स्मारक नासिरियाच्या रस्त्यावर, वाळवंटात हलवलं. राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगानं २०२१ मध्ये अहवाल प्रसिद्ध करून या भेदभावाची कबुली दिली आणि माफीही मागितली. शंभर वर्षांनी आलेली माफी कुणाच्या पत्त्यावर पाठवायची हे त्या अहवालात नाही.

पण इंग्रजांकडे बोट दाखवून आपण सुटत नाही. आपल्या गावांतही पाटी आहे. सातारा, कोकण, पुणे जिल्ह्यात हिंडताना चावडीच्या, शाळेच्या किंवा देवळाच्या भिंतीत बसवलेली ती दिसते. मजकूर जवळपास सगळीकडे एकच: या गावातून इतके लोक १९१४ ते १९१९च्या महायुद्धात गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. साताऱ्याजवळचं मिलिटरी अपशिंगे सगळ्यांना ठाऊक आहे. त्या गावचे कितीतरी जण पहिल्या महायुद्धात गेले आणि तिथे आजही घरटी माणूस फौजेत जातो. बाकीच्या गावांत पाटीवर चुन्याचे हात बसलेत, कुठे तिच्यावर ग्रामपंचायतीची सूचना चिकटवलेली असते. त्या पाटीवर सरकारनं आकडा लिहिला, हे समजू शकतं. सरकारला माणसं मोजायचीच असतात. गावाला तर त्या माणसांची नावं ठाऊक होती, त्यांच्या विहिरी, त्यांचे बैल, त्यांची उधारी ठाऊक होती. गावानं आकड्याखाली नावं का लिहिली नाहीत?

मला दोन कारणं दिसतात. एक म्हणजे ही लढाई साम्राज्याची होती. स्वातंत्र्यानंतर आपण आपली स्मरणं नव्यानं लावून घेतली, त्यांत परक्या राजासाठी परक्या देशात मेलेल्यांना कुठल्या कोनाड्यात ठेवायचं ते कळलं नाही. ते देशभक्त नव्हते आणि देशद्रोहीही नव्हते. मराठा पलटणींचा इतिहास आपण सांगतो तेव्हाही विजयांवर रेंगाळतो आणि कूतवरून भरभर पुढे जातो.

दुसरं कारण अधिक खोल आहे. आपल्याला शौर्याची गोष्ट ऐकायची सवय आहे आणि त्या गोष्टीला शेवटी एक तलवार लागते. पावनखिंडीत बाजी प्रभू पडतात तेव्हा दुःखाला आधार असतो, की राजा गडावर पोचला. कैदेत मेलेल्याच्या मागे तोफांचा आवाज नाही. त्याच्या मरणानं काही वाचलं नाही, काही जिंकलं गेलं नाही. त्यानं शेवटच्या महिन्यांत काय केलं? चालला. खडी फोडली. शेजाऱ्याला पाणी दिलं असेल, किंवा दिलं नसेल. गावाचं नाव घेतलं असेल. यातून पोवाडा होत नाही. म्हणून आपण डोळे खाली घालतो आणि त्याला लाज म्हणायचं टाळून विसर म्हणतो.

मला वाटतं, सैनिकाचं ऋण त्याच्या शेवटच्या वारावर ठरवायची ही रीतच चूक आहे. शिपाई ज्या दिवशी घर सोडतो त्या दिवशी तो आपला जीव दुसऱ्याच्या हुकुमाच्या हवाली करतो. पुढे तो जीव खंदकात गेला, इस्पितळात गेला की रुळांच्या कडेला गेला, हे त्याच्या हातात नसतं. लढणाऱ्याजवळ निदान राग असतो, शस्त्र असतं, सोबत असते. कैद्याजवळ फक्त दिवस असतात आणि प्रत्येक दिवस त्याला एकट्यानं काढायचा असतो. वीरगळावर तळाची चौकट कोरताना पाथरवटानं तलवार कोरली, कारण त्याला तेवढंच माहीत होतं. आपल्याला त्याहून अधिक माहीत आहे.

म्हणून हे वाचणाऱ्याला एक विनंती. तुमच्या गावात, आजोळी, सासरी अशी पाटी असेल तर ती शोधा. तिच्यावरचा आकडा वाचा. राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाची नोंदवही आता संगणकावर कुणालाही फुकट पाहता येते. तिच्यात पुष्कळ हिंदी शिपायांच्या नावापुढे बापाचं नाव, गाव, जिल्हा दिलेला आहे. इंग्रज कारकुनानं कानावर पडलं तसं लिहिलेलं असल्यानं गावांची नावं विचित्र दिसतील, पण दोनदा मोठ्यानं उच्चारून पाहिली तर ओळखू येतील. नाव सापडलं की भावकीत विचारा. मग ग्रामसभेत विषय घ्या आणि त्या आकड्याखाली, आपल्या लिपीत, एकेक नाव कोरून घ्या. लढून मेलेला आणि कैदेत मेलेला अशी वेगळी यादी करू नका. पाथरवटाची मजुरी फार नाही आणि पाटीखाली जागा शिल्लक आहे.